पनीर मोमो घरी करायचे तर आधी पाणी सांभाळा

नागपुरात आता मोमोची गाडी शोधावी लागत नाही. धरमपेठ, फुटाळा, आयटी पार्कचा रस्ता, संध्याकाळी कुठंही जा, वाफाळणारा मजल्यामजल्यांचा डबा दिसतोच. पण तिथला पनीर मोमो फोडून बघा. बहुतेक वेळा आत पत्ता गोबी जास्त आणि पनीर नावापुरतं. ज्यांना आत खरंच पनीर हवंय, तेही घरी दूध फाडून केलेलं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कृती आमच्या मोठ्या आईची. मोठेबाबा फौजेत होते. गंगटोकला बदली झाली तेव्हा ती हे शेजारणीकडून शिकली. सिक्कीममध्ये मोमोत मऊ छुर्पी भरतात. ताक उकळलं की त्यातला घट्ट भाग वेगळा होतो, तो गाळून घेतला की झाली छुर्पी. चव किंचित आंबट. नागपुरात छुर्पी मिळणार कुठून, म्हणून मोठ्या आईनं पनीरमध्ये दाबून कोरडा केलेला चक्का मिसळायला सुरुवात केली. आमच्या घरी तेच सारण चालत आलंय. मोमो तिबेट-नेपाळकडचा. पण विदर्भाला तिबेटी माणसं काही नवीन नाहीत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ सत्तरच्या दशकापासून त्यांची वसाहत आहे, आणि थंडीत स्वेटर घ्यायला आपण सगळेच तिबेटी दुकानांत जातो.

पहिल्यांदा करणाऱ्यांचे मोमो बिघडतात ते जवळजवळ नेहमी पाण्यापायी. पनीरमध्ये पाणी राहिलं की पारी आतून भिजून फाटते. पिठात पाणी कमी पडलं की कळ्या उघडतात. झाकणावरचं पाणी ठिबकलं की वरून लगदा होतो. म्हणून प्रत्येक पायरीला एवढंच बघा की पाणी कुठून येतंय आणि ते जाणार कुठं.

लागणारं सामान (साधारण ४० मोमो, चार जणांना पोटभर)

सारणासाठी:
- फुल क्रीम दूध दीड लिटर
- लिंबाचा रस ३ ते ४ मोठे चमचे
- पाव किलो दह्याचा चक्का
- पात कांद्याची एक लहान जुडी
- मूठभर सांबार, म्हणजे पुण्यामुंबईकडची कोथिंबीर
- आल्याचा दोन बोटं लांब तुकडा
- हिरव्या मिरच्या २
- मिरे १० ते १२, जाडसर कुटून
- लोणी एक मोठा चमचा
- मीठ

पारीसाठी: मैदा ३०० ग्रॅम, पाणी साधारण १५० मिली, तेल एक लहान चमचा, मीठ पाव चमचा.

भांडी: जाड बुडाचा गंज, मलमलचं फडकं, पोळपाट-लाटणं, दोन स्वच्छ पंचे आणि मोदकपात्र. मोदकपात्र नसेल तर इडलीचं भांडं चालतं, तेही नसेल तर कुकरमध्ये चाळणी ठेवून शिट्टी काढून टाकायची. मोमोचं खास भांडं इतवारीत भांड्यांच्या दुकानात मिळतं, पण पहिल्या खेपेला त्यावर पैसे घालू नका. आधी करून बघा, घरच्यांनी दुसऱ्यांदा मागितले तर घ्या.

१. आदल्या रात्री चक्का टांगा

दही फडक्यात बांधून टांगून ठेवा. उन्हाळ्यात हे काम फ्रीजमध्येच करायचं: चाळणीत फडकं, खाली वाटी. मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात रात्रभर बाहेर टांगलेलं दही सकाळपर्यंत इतकं आंबतं की त्याची कढीच करावी लागते. सकाळी फडकं पिळून राहिलेलं पाणी काढा. श्रीखंडाला चालतो त्यापेक्षा हा चक्का कोरडा हवा. बोटानं उचलला तर गोळी उचलली गेली पाहिजे.

२. दूध फाडा, पण घाई करू नका

दूध दिनशॉचं घ्या, अमूलचं घ्या, नाहीतर गवळ्याकडचं म्हशीचं. पिशवी असेल तर त्यावर फुल क्रीम लिहिलेलं हवं, म्हणजे ६ टक्के स्निग्धांश. टोन्ड दुधात ३ टक्केच असतात. त्याचं पनीर कमी निघतं आणि खाताना रबरासारखं लागतं. महिनोन्‌महिने टिकणारं खोक्यातलं दूध मात्र नको. ते फार जास्त तापवलेलं असतं, फाडलं की बारीक चुरा होतो आणि अर्धा फडक्यातून निसटतो.

गंजात आधी दोन चमचे पाणी घालून मग दूध ओता, बुडाला लागत नाही. उकळी आली की गॅस बंद करा आणि दोन मिनिटं थांबा. लिंबाच्या रसात तेवढंच पाणी घाला आणि चमचा-चमचा करत ओता. दर वेळी झाऱ्यानं हलक्या हातानं एकदा ढवळायचं. गोळे वेगळे झाले आणि पाणी हिरवट, निवळ दिसलं की रस घालणं थांबवा. उरलेला रस उरू द्या. पाणी अजून दुधट असेल तर आणखी एखादा चमचा घाला.

यात दोन ठिकाणी गडबड होते. सगळा रस एकदम ओतला की पनीर कडक आणि आंबट होतं. फाटल्यावरही गॅस चालू ठेवला तर प्रथिनं आवळून घेतात आणि पनीर दाताला करकरतं. नागपूरकर हमखास विचारतात म्हणून सांगते: संत्र्याच्या रसानं दूध नीट फाटत नाही, तेवढा आंबटपणा त्यात नसतो. संत्री मोमो खाल्ल्यावर खा.

फडक्यात गाळा आणि वरून गार पाण्याचा एक तांब्या ओता. लिंबाचा वास जातो आणि पनीर आतल्या उष्णतेनं शिजत राहायचं थांबतं. गाळलेलं पाणी फेकू नका, वरणात नाहीतर पोळीच्या कणकेत वापरा. मोमोच्या मैद्यात मात्र साधंच पाणी.

३. पनीर दाबा आणि तपासा

फडकं पिळून वीस मिनिटं टांगा. मग तसंच गुंडाळून ताटाखाली ठेवा आणि वर वजन द्या. आमच्याकडे वरवंटा असतो, पाण्यानं भरलेला गंजही चालतो. अर्धा तास पुरे. इथं आपल्याला भाजीसारखे चौकोनी तुकडे पाडायचे नाहीत, फक्त पाणी काढायचंय. दीड लिटरमधून साधारण ३०० ग्रॅम पनीर निघतं. म्हशीचं दूध चांगलं असेल तर थोडं जास्त.

तपासायचं असं: मूठभर पनीर घट्ट दाबा. बोटांतून पाणी आलं तर अजून पंधरा मिनिटं वजनाखाली. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि अंगठ्यानं दाबताच फुटला, तर झालं.

विकतचं पनीर चालेल का? चालेल, पण चांगलं ओळखता आलं पाहिजे. बाजारात पनीरच्या नावानं वनस्पती तेलापासून केलेला प्रकारही येतो. तुकडा पाण्यात उकळून, गार करून त्यावर आयोडिनचे दोन थेंब टाकले आणि निळा-काळा रंग आला, तर पिष्टाची भेसळ आहे. रंग आला नाही म्हणजे पनीर अस्सल, असं मात्र समजू नका, कारण तेलाची भेसळ या चाचणीत दिसत नाही. विकतचं घेतलं तर किसून, फडक्यात दाबून त्याचंही पाणी काढा.

आणि एक कळकळीची सूचना. पनीरऐवजी चीजचे क्यूब किसून भरू नका. पोरं हट्ट करतात, मला माहीत आहे. आंबट घालून फाडलेलं पनीर उष्णतेनं वितळत नाही, म्हणून ते पारीच्या आत जागेवर राहतं. प्रक्रिया केलेलं चीज वाफेत पातळ होतं आणि सापडेल त्या फटीतून बाहेर येतं. फारच मागितलं तर सारणात पाचवा हिस्सा घाला, त्यापेक्षा जास्त नको.

४. पनीर दाबलं जातंय तोवर मैदा भिजवा

मैद्यात मीठ-तेल घालून पाणी थोडं-थोडं घाला. गोळा घट्ट हवा, पोळीच्या कणकेपेक्षा नक्कीच घट्ट, पुरीच्या जवळपास. दहा मिनिटं चांगला तिंबा. सुरुवातीला तो खडबडीत दिसतो आणि पाणी कमी पडलंय असं वाटतं. लगेच पाणी ओतू नका. ओला पंचा झाकून दहा मिनिटं ठेवा, मग पुन्हा मळा, तो आपोआप गुळगुळीत होतो. त्यानंतर निदान अर्धा तास विसावा. न विसावलेल्या मैद्याची पारी लाटली की लगेच आक्रसते, आणि मग आपण चिडून जोर लावतो नि मधोमध भोक पडतं.

पाण्याचं माप ऋतूप्रमाणे बदलतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की १५० मिलीवर आणखी दोन चमचे लागतात आणि उघडा ठेवलेला गोळा पाच मिनिटांत वरून तडकतो. जुलै-ऑगस्टमध्ये उलट, तेव्हा १४० मिलीवरच थांबून बघा. डिसेंबरच्या थंडीत कोमट पाणी घ्या आणि विसावा वाढवा.

मैदा नको असेल तर कणकेचेही होतात. पाणी थोडं जास्त लागतं, पारी जाड ठेवावी लागते आणि कळ्या तितक्या नाजूक येत नाहीत. पहिल्यांदा करताय तर मैद्याचेच करा. तब्येतीची काळजी दुसऱ्या खेपेला.

५. सारण: मीठ सगळ्यात शेवटी

अर्धं पनीर तळहातानं मऊ रगडा, अर्धं नुसतं कुस्करा. सगळंच रगडलं तर पिठूळ लागतं, सगळंच कुस्करलेलं ठेवलं तर चावताना सांडतं. त्यात चक्का घाला, पनीरच्या चौथ्या भागाएवढा. मग लोणी, कुटलेले मिरे, किसलेलं आलं, बारीक मिरची.

पात कांदा आणि सांबार धुऊन पंच्यात गुंडाळा आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच चिरा. ही गोष्ट लहान वाटते आणि सारण पातळ होण्याचं निम्मं कारण हीच असते. पत्ता गोबी आमच्या कृतीत नाही. घालायचीच असेल तर बारीक चिरून, मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळून घ्या.

मीठ मात्र आत्ता नाही. कढई नाही, पोळपाट नाही, काहीच तयार नसताना मीठ घातलं की भाज्या पाणी सोडू लागतात आणि लाटणं संपेपर्यंत वाटीच्या तळाशी डबकं साचतं. मोठी आई स्वयंपाकघरात आली की पहिला प्रश्न हाच: "मीठ कायले टाकून राहिली आत्ताच? पाणी सुटते ना!" पाऱ्या लाटायला घेतल्या की अर्ध्या सारणात मीठ घाला, ते संपल्यावर उरलेल्यात. पूर्ण सारणाला मिळून एक लहान चमचा पुरतं. चव बघून ठरवा.

सावजी मसाला सारणात घालायचा मोह आवरा. माझं मत आहे, वाद घाला हवा तर. सावजी मसाल्याला तेल आणि रस्सा लागतो, कोरड्या पनीरमध्ये तो कच्चट लागतो आणि दुधाची चव मारून टाकतो. माझा चुलतभाऊ वाफवलेले मोमो सावजीच्या रश्श्यात सोडून खातो. ते मात्र भलतंच छान लागतं, हे कबूल करायला हवं.

६. लाटा, भरा, मिटा

मैद्याचे चार भाग करा आणि एकच बाहेर ठेवा. तीन ओल्या पंच्याखाली. पंचा पिळलेला असावा, टपकणारा नको. एका भागाच्या दहा गोळ्या. प्रत्येक गोळी पुरीएवढी लाटा, साधारण ८ सेंटिमीटर. मध्ये किंचित जाड, कडा पातळ. कडा मिटताना एकावर एक येतात, म्हणून तिथं जाडी राहिली तर तोंड कच्चं राहतं. पीठ लावायचं तर अगदी कमी, कारण कोरड्या पिठाची कड चिकटत नाही.

लाटताना पंखा बंद ठेवा. कुलरची हवा तर थेट पोळपाटावर नकोच. उकडतं, मान्य आहे. सकाळी आठच्या आत लाटायला बसा.

पारी डाव्या तळहातावर घ्या, मध्ये एक लहान चमचा सारण. डाव्या अंगठ्यानं सारण आत दाबून ठेवायचं आणि उजव्या हातानं कडेला एकामागून एक कळ्या घालत फिरायचं, एकाच दिशेनं. अंगठा शेवटपर्यंत काढायचा नाही. तोंड मिटताना तो निसटतो, मग चिमटून पीळ द्या. मोदकाच्या कळ्या येणाऱ्यांना हे लवकर जमतं, फक्त मोदकात कळ्या आधी पाडून मग एकत्र करतात आणि इथं पाडता पाडताच मिटायच्या असतात. नाहीच जमलं तर सरळ करंजी करा: घडी घाला, कडा दाबा, मुरड घाला. चवीत काडीचा फरक पडत नाही.

कड चिकटत नसेल तर बोट पाण्यात बुडवून पुसून घ्या आणि फक्त अर्ध्या कडेला फिरवा. पूर्ण कड ओली केली की निसरडी होते.

सारण जास्त भरण्याचा हात सगळ्यांचाच असतो. पहिल्या दहात मुद्दाम कमी भरा. कळ्या जमल्या की वाढवा.

तयार मोमो तेल लावलेल्या ताटात, एकमेकांना न चिकटता, पंच्याखाली. पण भरून तासभर ठेवू नका. दहा झाले की वाफवायला लावा आणि पुढचा भाग लाटायला घ्या. घरात दुसरं माणूस असेल तर त्याला गॅसजवळ उभं करा.

७. वाफ

भांड्यात पाणी खळखळ उकळल्यावरच मोमो आत जातात. पाणी चाळणीपासून निदान तीन बोटं खाली. चाळणीला तेल लावा, नाहीतर पत्ता गोबीची पानं अंथरा. मोमोंमध्ये बोटभर जागा ठेवा, ते फुगतात. झाकणाला आतून पंचा बांधायचा आणि टोकं वर घ्यायची. उकडीच्या मोदकाला बांधता तसाच.

मोठ्या आचेवर आठ ते दहा मिनिटं. मधेच झाकण उघडून बघायचं नाही. झाले की पारीचा पांढरा, पिठूळ रंग जाऊन ती चकचकीत आणि किंचित पारदर्शक दिसते. ओलं बोट लावून बघा, चिकटलं नाही तर गॅस बंद. सारण शिजलेलंच आहे, शिजवायची ती पारी. म्हणून पंधरा-वीस मिनिटं ठेवू नका, पारी चिवट होते.

झाकण काढल्यावर एक मिनिट थांबा, मग उचला. लगेच उचलले की बूड चाळणीला राहतं.

८. चटणी

४ लाल टमाटर गॅसवर भाजून सालं काढा. ६ सुक्या लाल मिरच्या गरम पाण्यात भिजवा. यात भिवापुरी एक-दोनच, बाकी ब्याडगी. आपल्या जिल्ह्यातल्या भिवापूरची ही मिरची भौगोलिक मानांकन मिळवलेली आहे, आणि तिखटपणात कुणाची भीड ठेवत नाही. दोन चमचे तीळ कोरडे भाजून घ्या. सगळं लसणाच्या ६ पाकळ्या आणि मिठासह वाटा.

नेपाळकडे या चटणीत टिमूर घालतात, त्यानं जिभेला झिणझिण्या येतात. टिमूर आणि कोकणातलं त्रिफळ एकाच कुळीतलं. इतवारीत किराणा ओळीत त्रिफळाची चौकशी करा. मिळालं तर बी काढून फक्त सालं भाजा, दोन पुरतात.

घरी जवसाची चटणी असेल तर तीही ठेवा. कोरडी चटणी, वर थोडं कच्चं तेल. पनीरबरोबर लाल चटणीपेक्षा मला तीच आवडते.

९. उरले तर

वाफवलेले मोमो फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठीक राहतात. पुन्हा वाफवले तर पारी लिबलिबीत होते. तव्यावर थोडं तेल घालून बूड लाल करा, मग दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवा. पाणी आटेपर्यंत, बस.

साठवायचे असतील तर कच्चेच गोठवा. ताटात सुटे ठेवून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये, दगडासारखे कडक झाले की पिशवीत भरा. थेट पिशवीत भरले तर सगळ्यांचा एकच गोळा होतो. वाफवायला काढताना ओट्यावर मऊ व्हायला ठेवू नका, कारण बर्फ वितळून पारीत मुरतो. फ्रीझरमधून सरळ उकळत्या वाफेवर, नेहमीपेक्षा तीन-चार मिनिटं जास्त. महिन्याभरात संपवा, आणि मे महिन्यात लाइट तासन्‌तास गेली असेल तर पिशवी उघडून बघा: मोमो एकमेकांना चिकटले असतील तर ते वितळून पुन्हा गोठलेत, त्यांचा मोह सोडा.